पूजा झालेली गाडी

मी संशयी बाई आहे. आमच्या घरात हे कुणी नाकारत नाही, मीही नाही. एकतीस वर्षं मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. तिनाचा आठ कुठे झालाय, सही कुणाची आणि हात कुणाचा, हे पाहण्याचाच मला पगार मिळायचा. निवृत्त होताना शाल-श्रीफळ मिळालं, सवय मात्र कुणी परत मागितली नाही. दूधवाला जरा जास्त हसला की मी पातेलं उजेडात नेऊन बघते.

आमचे हे नेमके उलटे. जमिनी मोजायची नोकरी केली, त्यामुळे सगळं आयुष्य दोन भांडणाऱ्या माणसांच्या मधोमध उभं राहण्यात गेलं, आणि तरी दोघंही खरंच बोलत असतील असं यांना वाटायचं. घरी भाजीवाला आला की मी आतूनच ओरडून सांगायचे, तुम्ही बोलू नका, मी येते.

अडीच वर्षांपूर्वी चांदूर बाजारजवळच्या आमच्या शेतात हे विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. आमचं सासर फुलं-भाजीवाल्यांचं; मोठे दीर अजून झेंडू आणि शेवंती करतात, मागे संत्र्याचा बगीचा आहे. पडल्यावर यांना ॲम्ब्युलन्समध्ये घालून अमरावतीला आणलं आणि तिथून तसंच नागपूरला नेलं. वाटेत समोरच्या बाकावर आणखी एका म्हाताऱ्याला घेतलं होतं. तो थोडा वेळ कण्हत होता, मग कण्हायचा थांबला. नागपूर यायला अजून तासभर होता. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते, मला काही कळलं नाही. हे मात्र पट्ट्यांनी बांधलेले, मान वळवता येत नाही, आणि हातभर अंतरावर तो.

ऑपरेशन चांगलं झालं. हे उभे राहतात, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. पण वीस मिनिटांच्या वर बसलं की पाठीत आग पेटते. आडवं पडलं तरच चैन. म्हणजे ऑटो बंद, कार बंद, एसटी बंद. मी एकदाच म्हटलं, ॲम्ब्युलन्स भाड्यानं घेऊ आणि गावाला एक चक्कर मारून येऊ. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मेलो तरी मले त्या गाडीत टाकू नोको," एवढंच म्हणाले.

मोठ्या दिरांचं वय चौऱ्याहत्तर. सुरुवातीला दोनदा बसनं येऊन गेले, मग त्यांचेही गुडघे संपले. दोघं भाऊ फोनवर व्हिडिओ लावून बोलायचे. पण दिरांना फोन कानाला लावूनच बोलायची सवय, त्यामुळे यांना पुढची दोन वर्षं भावाचा फक्त कान दिसला. हे त्या कानाशी शेताच्या गोष्टी बोलायचे. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. हळूहळू यांनी काही मागणंच सोडलं. आज काय करू जेवायला, तर कर काहीही. मला त्याची फार भीती वाटायला लागली होती.

अशात एक दिवस यांनी मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणी जोडपं गाडीतच घर करून फिरत होतं. आत पलंग, पंखा, गॅसची शेगडी, खिडकीला पडदा.

"पाह्य," हे म्हणाले. "निजल्या निजल्या जायचं. गावाले जाऊ, मंग चिखलदऱ्याले. अशी एखांदी जुनी भेटते का पाहू."

दोन वर्षांत यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी नाही म्हणू शकत नव्हते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि स्कूटरवाली बाई क्लच शिकले. लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात यांना मोबाइलवर अकोल्याच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याची जाहिरात सापडली. व्हॅन, आत घर केलेलं, फोटोत सगळं चकचकीत. मी फोटो मोठे करून करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं अकोल्याला गेले.

बायपासला पत्र्याच्या मोठ्या शेडखाली गाड्या ओळीनं उभ्या होत्या, धुऊन पुसून, टायरांना काळं पॉलिश मारून. टायरला पॉलिश मारलं म्हणजे टायरमध्ये लपवण्यासारखं काहीतरी आहे, अशी मी पहिली नोंद केली. खरंच वही नेली होती. सेल्समन चाळिशीचा, पांढरा शर्ट, कपाळावर गंध, हातात दोन फोन. एक फोन ग्राहकांसाठी, दुसरा कशासाठी, हे मी मनात विचारलं.

"या काकू. कोनतं गाव आपलं?"

अमरावतीला राहते पण माहेर इथलंच, जुन्या शहरातलं, असं मी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

"मंग तं मी तुमचा भाचाच झालो ना. मीबी जुन्या शहरातलाच. मोर्णेच्या पुलापलीकडे, मंदिरापाशी."

"हाव का? तिथली पिठाची चक्की चालू हाये अजून?"

"चालू हाये ना. आमी तिथूनच दयून आनतो."

मंदिरापाशी चक्की कधी नव्हतीच. मला तिथून निघून छत्तीस वर्षं झाली, मधल्या काळात निघाली असेल, असं म्हणायला जागा आहे. पण मी अशी जागा ठेवत नाही. भाच्याचे मार्क कापले.

चहा आला, तो मी घेतला नाही. आपल्याकडे एकदा कुणाचा चहा प्यायला की नंतर तोंडावर नाही म्हणायला जीभ जड होते, आणि हे चहा देणाऱ्याला माहीत असतं. मी माझी पाण्याची बाटली काढली. मग गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला तर बॉनेट गरम. थंड इंजिन सुरू होताना काय नखरे करतं ते गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून आधीच चालवून ठेवतात, हे मला ड्रायव्हिंगच्या मास्तरांनी सांगितलं होतं.

"गरम काहून हाये?"

"उनात उभी होती काकू."

"शेडखाली ऊन कुठून आलं?"

तो हसला. "काकू, तुमी पोलिसात होत्या का?"

"त्याच्यापेक्षा वाईट खात्यात," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. इंजिन थंड होईपर्यंत बसणार आहे, असं सांगितलं. दोन तास बसले. डबा उघडून वांग्याची भाजी आणि पोळी तिथंच खाल्ली, येणारे-जाणारे बघत होते. मग चावी लावली. गाडी एका झटक्यात सुरू झाली, आवाज स्वच्छ, धूर नाही. संशय खोटा ठरला की लोकांना बरं वाटतं. मला वाटत नाही, मी पुढचा काढते.

पुढचा लगेच मिळाला. गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पुस्तकात तीन वर्षांच्या नोंदी होत्या, तारखा वेगवेगळ्या, पण पेन एकच आणि हाताचा दाबही एकच. एका बैठकीत लिहिलेलं होतं ते. मी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. जुनं पुस्तक पावसात भिजलं, म्हणून नवीन लिहून काढलं, असं तो म्हणाला. डोळ्याची पापणीही हलली नाही.

गाडीच्या आत नव्या सनमायकाचा वास येत होता. डावीकडे लांब पलंग, त्याच्या कडेला लोखंडी दांडा, डोक्याशी पंखा, पायाशी शेगडीचा कट्टा, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. छताला नवं फोम लावलेलं. मी ते बोटांनी दाबत गेले, तर पलंगाच्या बरोबर वर एका ठिकाणी आत काहीतरी कडक लागलं. नट-बोल्ट असावा.

"हे काय हाये?"

"तिथं पहिले मालक पायना टांगत," तो म्हणाला. "नागपूरची फॅमिली होती. लहान लेकरू होतं त्यायचं. दोनदाच फिरले बिचारे, मंग बदली झाली."

पाळणा म्हटल्यावर मी विरघळले, हे कबूल करते. चालत्या गाडीत झुलणारं बाळ डोळ्यांसमोर आलं आणि वहीत लिहायचं राहून गेलं.

तेवढ्यात एक जोडपं आलं आणि त्याच गाडीभोवती फिरायला लागलं. सेल्समननं आवाज खाली आणला. ही पार्टी कालच पाहून गेली, आज इसार द्यायलाच आली आहे, पण तुम्ही माहेरच्या, म्हणून आधी तुम्हाला विचारतो. मी त्या नवऱ्याकडे बघत राहिले. त्यानं टायरला एक लाथ मारली, बायकोला म्हणाला मस्त हाये, आणि मग कुणालाही न विचारता सरळ मागच्या पत्र्याच्या दारातून बाथरूमला गेला. त्या शेडमध्ये बाथरूम कुठे आहे ते मला दोन तास बसूनही कळलं नव्हतं.

"पार्टी घरचीच दिसते," मी म्हटलं.

सेल्समननं दुसरा फोन कानाला लावला आणि भाव कमी होतो का ते शेठला विचारायला काचेच्या केबिनमध्ये गेला. केबिनमधला शेठ मान खाली घालून मोबाइल बघत होता. हा त्याच्यासमोर नुसता उभा राहिला, शेठनं मान वर केली नाही, आणि हा बाहेर येऊन म्हणाला की शेठ तयार नव्हते, लय भांडलो तुमच्यासाठी.

या सगळ्यात मी जिंकत होते. मला मजा येत होती, आणि तिथंच माझी चूक झाली. गाडीच्या किमतीवरून तो पुन्हा पाल्हाळ लावायला लागला तेव्हा मी चिडून बोलून गेले, की मला किमतीचं सांगू नका, माझ्या नवऱ्याला बसता येत नाही, अडीच वर्षं माणूस घरात पडून आहे, तो या पलंगावर आडवा पडून बघत नाही तोवर मी सही करणार नाही.

त्यानं दोन्ही फोन खिशात टाकले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "काकू, मंग मीच आनतो ना उद्या अमरावतीले. काकाजी निजून पाह्यतीन. नाई आवडली तं तशीच परत नेतो. सही नाई, काई नाई."

मी परतीच्या बसमध्ये स्वतःवर खूश होते. गाडी दारात आणून दाखवायला लावली, सही न करता. घरी येऊन यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. हे हसले. यांना हसताना पाहिलं आणि मलाही वाटलं की काम फत्ते.

मला माहीत नव्हतं की दुसऱ्या दिवशी यांनी पहाटेच भावाला फोन लावला होता. "दादा, गाडी येऊन राहिली," एवढंच सांगितलं होतं. दीर येऊ शकत नव्हते, त्यांनी जाऊबाईंना पहिल्या बसनं पाठवलं. सकाळी नऊ वाजता जाऊबाई झेंडूचे दोन मोठे हार घेऊन दारात. मी त्यांना पाणी दिलं आणि गाडी नुसती दाखवायला येते आहे हे सांगायचं मनात होतं, पण तेवढ्यात हॉर्न वाजला.

सेल्समननं उतरल्या उतरल्या माझ्या हातात जाड फाइल दिली. "काकू, तुमी पेपर तपासून घ्या निवांत. मले मालूम हाये, तुमी तपासल्याबिगर रायनार नाई."

किती बरोबर ओळखलं होतं त्यानं मला. मी चष्मा शोधला, आतल्या खोलीत टेबलावर फाइल उघडली आणि एकेक कागद उजेडात धरून वाचायला लागले. नोंदणीचे कागद नवे होते, खासगी वापराचे, शिक्के बरोबर. जुन्या विम्याच्या झेरॉक्सवर मात्र एका ओळीत गाडीचा प्रकार लिहायच्या जागी कोरं होतं, आणि त्या कोऱ्या जागेभोवती एक फिकट राखाडी कड होती. पांढऱ्या शाईनं मजकूर झाकून झेरॉक्स काढली की अशी कड येते. मी असे शेकडो कागद पाहिलेत. पुढची पानं उलटली. शेवटी, दोन पानं एकमेकांना चिकटली होती त्यांच्यामध्ये, त्याच विम्याची आणखी एक जुनी प्रत राहून गेली होती. तिच्यावर काही झाकलेलं नव्हतं. गाडीचा प्रकार: ॲम्ब्युलन्स. मालकाच्या जागी एका तालुक्याच्या दवाखान्याचं नाव, खाली फोन नंबर.

मी कागद घेऊन बाहेर धावले.

चारही चाकांवर पाणी ओतलेलं होतं. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, आरशाला झेंडूचा हार, पायरीपाशी फुटलेला नारळ. पुढच्या चाकाखाली भाकरीचा तुकडा. आमच्या सासरी दाराशी पाय किंवा चाक असलेलं काहीही आलं, बैल असो, ट्रॅक्टर असो की माझी पहिली स्कूटर, की त्याच्या पायावर पाणी घालतात, कुंकू लावतात, घास देतात. आणि एकदा असं घरात घेतलं की ते दारातून परत पाठवत नाहीत. ते अशुभ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे पाहत आले होते. संशयाच्या यादीत मी चहा धरला, बॉनेट धरलं, बाथरूम धरलं, आणि माझ्या स्वतःच्या घरची ही रीत धरायची विसरले.

गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि हे आत पलंगावर आडवे पडले होते, हात डोक्याखाली.

"ये ना आत," यांनी हाक मारली. "खिडकीतून लिंबाचं झाड उलटं दिसून राहिलं मले."

असा यांचा आवाज मी विसरूनच गेले होते.

मी सेल्समनला फाटकाबाहेर नेलं आणि कागद त्याच्या तोंडासमोर धरला. त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

"काकू, हयू बोला," तो कुजबुजला.

"ॲम्ब्युलन्स हाये ही."

"होती. आता नाई. कागद कायद्यानंच बदलले हायेत."

"मंग खोडलं काहून?"

"ॲम्ब्युलन्स म्हटलं की कोनी घेत नाई, म्हनून."

दोन दिवसांत त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं खरं वाक्य असावं. मी म्हटलं, गाडी घेऊन आत्ताच्या आत्ता परत जा. त्यानं चाकांकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं.

"नेतो ना. पण पूजा झाली काकू. घरात पेशंट हाये म्हनून म्हनतो. पूजा झालेली गाडी दारातून परत लावनं, माह्या मनाले बरोबर नाई वाटत."

त्याला मारावंसं वाटलं, खरंच सांगते. जाऊबाई ताट घेऊन तिथंच मागे उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

"बाई, मी पूजली तिले," त्या म्हणाल्या. "नुसती दाखवाले आनली म्हनून मले कोनी सांगतलंच नाई. आता परत नोको पाठवू."

"तुमी नारळ आनला होता का सोबत?"

"नाई वो. त्यायनंच देल्ला. गाडीतूनच काहाडला."

म्हणजे गाडीत नारळ ठेवूनच आणली होती. मला कागद देऊन आत बसवलं, आणि बाहेर जाऊबाईंच्या हातात नारळ. आदल्या दिवशी बसमध्ये स्वतःवर खूश झालेली बाई मला आठवली आणि लाज वाटली.

यांना सांगायचं की नाही, यावर मी फार वेळ घालवला नाही. डॉक्टर यांच्या पाठीबद्दल जे काही बोलले ते मी यांना जसंच्या तसं सांगितलेलं आहे. आत चढले, पलंगाजवळ खाली बसले आणि म्हटलं, "ही पहिले ॲम्ब्युलन्स होती."

हे छताकडे बघत राहिले. पंख्याच्या बाजूला फोमखाली ती जागा होती, पाळण्याची म्हणून सांगितलेली. सलाइनची बाटली टांगायचा हूक असणार तो.

"उतरव मले," हे म्हणाले.

मी धरून उतरवलं. हे भिंतीला हात टेकून, गाडीकडे पाठ करून उभे राहिले. जाऊबाईंनी ताट खाली ठेवलं. बऱ्याच वेळानं यांनी मान न वळवता विचारलं, मला नाही, सेल्समनला.

"कोन जाये हिच्यात?"

तो थांबला. तो किती वेळ थांबला हे मी नंतर मनात कितीतरी वेळा मोजलं आहे. खरं आठवायला लागतो तेवढा वेळ होता, की खोटं रचायला लागतो तेवढा, ते मला ठरवता आलेलं नाही.

"बायतिनी, काकाजी," तो म्हणाला. "ही बायतिनीचीच गाडी होती. खेड्यातून आनायची, लेकरू झालं का दोघायले घरी नेऊन सोडायची. दुसरं कोनी नाई."

"मेलं नाई कोनी?"

"नाई काकाजी. उलट दोन जन हिच्यातच जलमले, रस्त्यानं."

खेड्यांतून बाळंतिणी आणणाऱ्या अशा गाड्या असतात, हे मलाही माहीत होतं. पण इतकं सोयीचं उत्तर मी कुठल्याही चौकशीत मान्य केलं नसतं. आधी नागपूरची फॅमिली, मग पाळणा, आता बाळंतिणी. या माणसाच्या पोतडीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची एक गोष्ट होती, आणि यांची पाठ, यांचं घरात पडून राहणं, ते माप त्याला मीच दिलं होतं. मी तोंड उघडणार होते. पण हे वळले होते आणि गाडीकडे बघत होते.

"दादाले पाह्यलं नाई किती दिवसाचं," हे म्हणाले. मग मला म्हणाले, "चढव."

सही मी त्याच दिवशी केली. भावात त्याला जेवढं रडवायचं तेवढं रडवलं, पण त्यात काही गोडी नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही गावाला निघालो. जाऊबाई माझ्या शेजारी, हे मागे पलंगावर. प्रत्येक गतिरोधकाला मी गाडी जवळजवळ उभीच करत होते, मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते. आरशात मला यांचे फक्त पाय दिसायचे. झोपलेत की काय म्हणून हाक मारली तर "हां" म्हणायचे, तेवढंच. अमरावती मागे पडली, संत्र्याचे बगीचे सुरू झाले, तरी तेच.

दीर बांधावर खुर्ची टाकून सकाळपासून बसले होते. मी गाडी उलटी घेऊन मागचं दार त्यांच्यासमोर आणलं आणि उघडलं. ते काठी टेकत आले, दाराच्या कडेवर बसले आणि यांच्या पायाला हात लावून राहिले.

"लय बारीक झाला तू," ते म्हणाले.

"तुहा तं कानच दिसे मले," हे म्हणाले.

मग दोघं झेंडूच्या भावावर आणि विहिरीच्या मोटरवर बोलत बसले. जाऊबाईंनी भाकरी आणि ठेचा आणला, हे कुशीवर वळून जेवले. दुपारी दीर खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. मी गाडीत यांच्या पायाशी बसून संत्रं सोलत होते.

"तू त्या दवाखान्यात फोन लावला असशीन," हे म्हणाले.

तो कागद तेव्हाही माझ्या पर्समध्ये होता. त्यावरचा नंबर मला पाठ झाला होता. रोज दुपारी, हे झोपले की, मी पर्स उघडायचे आणि बंद करायचे.

"लावला ना?"

"हाव."

"काय म्हनले?"

"बायतिनीचीच होती म्हने," मी म्हटलं. "दोन लेकरं हिच्यातच झाले. त्यायच्या रजिस्टरले नोंद हाये."

मी फोन लावलाच नव्हता. अजूनही लावलेला नाही.

यांनी डोळे मिटले. पलंगाच्या कडेचा लोखंडी दांडा यांनी घट्ट धरलेला होता, अमरावतीपासून धरला असावा, मला तो तेव्हा दिसला. तो हात सुटला, पोटावर आला, आणि हे झोपले.